आईचं घर सुटलं तेव्हा

दादा,

तरंगत्या शहरातली घरं एक दिवस दोर सोडून उडतील, असं म्हणत तू जमिनीवर राहायला गेलास. आज आईचं घर खरंच सुटलं. नगरपालिकेच्या गाठवाल्याने पूर्वेच्या कठड्यापाशी गळ टाकून ते अडवलं. आई खिडकीत निवांत चहा पीत होती.

दोर बघून गाठवाला म्हणाला, "आजी, गाठ सुटलेली नाही, सोडलेली आहे."

"मग काय करू? पाण्याच्या टाकीच्या सावलीतून घर हलवा म्हणून अर्ज करून थकले. आता आलाच आहात तर इथेच बांधा."

त्याने हसत बांधलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आई उन्हात पाय पसरून घोरतेय.

हे पत्र टाकत नाही, नाहीतर तू तिला न्यायला येशील. शिवाय माझं घर अजून सावलीतच आहे, आणि गाठ कशी सोडायची ते मी आईकडून शिकून घेतलंय.

तुझी धाकटी