सड्यावरची फुलं आणि माशा

१० ऑगस्ट २०२५
स्वरूपचा कॅमेरा आज कपाटातून काढला. अकरा महिन्यांनी. लग्नाच्या वाढदिवसाला मीच घेऊन दिलेला. नसता दिला, तर तो फोटो काढत जांबोटीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर फिरला नसता, आग्या मोहोळ त्याच्यावर उठलं नसतं — आत्याही हेच म्हणत असणार मनात. आई आहेत त्याच्या. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. मी खोलीत आले की उठून जातात.

त्याच्या हातची यादी सापडली. एकेक रानफूल, आणि पुढं त्याच्यावर येणारी माशी नाहीतर फुलपाखरू. नऊ ठिकाणी पुढं काहीच नाही. तेवढं मी करणार.

१५ ऑगस्ट
शाळेतलं झेंडावंदन उरकून जांबोटीची बस धरली. कातळावर फुलंच फुलं. गुडघे टेकून बसले, आणि कानाशी एक माशी गुणगुणली. कॅमेरा तिथंच टाकून पळाले; बऱ्याच वेळानं परत जाऊन उचलला. एकही फोटो नाही.

१७ ऑगस्ट
पुन्हा गेले. शामूआण्णा गुरं चारत होते. त्या दिवशी त्यांनीच अंगावर घोंगडं टाकून स्वरूपला खाली आणलेलं. मोहोळ कुठं होतं ते दाखवा म्हटलं. आधी नको म्हणाले, मग नेलं. किंजळीच्या झाडाची उंच फांदी. रिकामी.

"औंदा माशा आल्याच न्हाईत, बाई."

वर्षभर ज्यांच्यावर दात धरला, त्याच निघून गेलेल्या! तिथंच बसून राहिले. बस येईपर्यंत आण्णा लांब उभे होते.

२४ ऑगस्ट
मिळाली! निळ्या पट्ट्यांची माशी, सीतेच्या आसवांवर. ती जांभळी, नखाएवढी फुलं — आणि ही त्यात तोंड खुपसून. फोटो स्वच्छ आला.

स्वरूपला सांगायला म्हणून मागं वळले.

२९ ऑगस्ट
वर्षश्राद्ध झालं. आत्या जेवल्या नाहीत.

३१ ऑगस्ट
शेजारी गौरी आल्या. संध्याकाळी आत्या आपण होऊन माझ्या खोलीत आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"त्यो जानार न्हवता गं त्या दिवशी. मीच म्हनलं, गौरीला तेरडा लागतोय, सड्यावरनं घेऊन ये जा."

म्हणून वर्षभर तुझ्या तोंडाकडं बघवलं नाही, म्हणाल्या.