कुलपांचा उलटा क्रम

३ नोव्हें., सोम.
नोएडा ऑफिस. तपासणीचं टूल आज पहिल्यांदाच कर्नलच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, मेमरीच्या कोडवर चालवलं. एक काम चालू असताना दुसऱ्यानं तिथं हात घालू नये म्हणून कोडमध्ये लॉक असतात; कुठलं लॉक कुठल्या लॉकनंतर लागतं, एवढंच ते बघतं. पाऊण तासानं लाल ओळी. कोडच्या एका वाटेनं आधी पहिलं लॉक मग दुसरं, दुसऱ्या वाटेनं नेमकं उलट. दोन्ही वाटा एकाच क्षणी चालल्या तर एकमेकींसाठी अडून बसणार, मशीन गोठणार.
अजून कधी गोठलेलं नाही. पण आमचं मशीन म्हणजे आयसीयूतला मॉनिटर.

४ नोव्हें.
उलटी वाट कोणी लिहिली ते शोधलं. मीच. दोन वर्षांपूर्वी. ‘सुजातानं मशीन फास्ट केलं’ म्हणून टाळ्या पडल्या होत्या तोच पॅच, कोडमधला तोच बदल. डबा तसाच परत आणला.

५ नोव्हें.
मॅनेजर खन्ना सरांना दाखवलं.
“हुआ है कभी?”
नाही म्हटलं.
“तो वॉर्निंग है, बग नहीं. फ्रायडे को रिलीज है, तुम्हारा साइन चाहिए.” मग हळूच, “पुराने कस्टमर्स को क्या बोलेंगे, यार?”
म्हणजे त्यांना सगळं कळलंय.
घरी नवऱ्याला, अविनाशला, सांगितलं. म्हणाला, “सही करू नकोस, झालं.” झालं कसं? माझ्याऐवजी दुसरं कोणी करेल. आणि आधीची मशीनं हॉस्पिटलांत चालूच आहेत.

६ नोव्हें.
सकाळपासून दोन्ही वाटांवर एकदम कामांचा मारा केला, गोठतं का बघायला. सहा तास काही नाही. मनातून बरं वाटलं, लाज वाटली त्याची.
मग दोन लॉकच्या मध्ये अगदी बारीक थांबा घातला. दुसऱ्या मिनिटाला गोठलं. स्क्रीनवर ठोके ७२, हिरवे. टेस्टच्या नकली पेशंटची वायर काढली. तरी ७२.
अलार्म नाही.
सर म्हणाले, “तुमने डिले डाला, इसलिए हुआ.”
खरंय. पण गर्दीच्या वेळी मशीन स्वतःच तेवढं थांबू शकतं.

७ नोव्हें., शुक्र.
क्रम सरळ करणारा बदल लिहिला. आठ ओळी. पण सगळ्या टेस्ट नव्याने, म्हणजे तीन आठवडे. सही केली नाही. क्वालिटीच्या हेडना मेल. पहिलंच वाक्य: चूक माझ्या पॅचमध्ये आहे. मशीनं आधीच बाहेर आहेत, हेही लिहिलं. सेंड दाबायच्या आधी पाणी पिऊन आले, दोनदा.
चार वाजता सरांनी मीटिंग रूममध्ये बोलावलं. “मुझसे पूछ तो लेतीं.” आवाज चढला नाही. घाबरलेले वाटले.
पाच वाजता माझं लॉगिन बंद.

८ नोव्हें., शनि.
गाझियाबाद. बाहेर धूर, खिडक्या बंद. ऑफिसचा मेलही उघडत नाही, उत्तर आलं का कळायला मार्ग नाही. सरांना दोनदा फोन केला, उचलला नाही.
अविनाश म्हणाला, “सोमवारी आत घेतील ना तुला?”
मी तो विचारच करत नव्हते. रिलीज काल गेली की थांबवली, तेवढंच कोणीतरी सांगा. इथून मला काही दिसत नाही.