पट्टीवरचा चहाचा डाग

ती. आईस नमस्कार,

आधी हे वाच, मी बरा आहे. मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून हातांना मुंग्या येत नाहीत. फोनवर मी का बोलत नाही, ते सांगतो.

गिळताना दुखतंय म्हणून मी कानीकपाळी ओरडत होतो. डॉक्टर म्हणाले, "या ऑपरेशननंतर दुखतंच, खा-प्या." मग मानेच्या पट्टीवर चहाचा डाग दिसला. नर्सबाईंनी तुझ्या सुनेला फैलावर घेतलं, "पेशंटच्या अंगावर चहा सांडता?" पट्टी बदलली, पुन्हा डाग, पुन्हा बोलणी.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी मला निळं पाणी पाजलं. ते मानेच्या जखमेतून बाहेर आलं. मणक्यापर्यंत गळ्याच्या बाजूने जातात, त्यात अन्ननलिकेला भोक पडलं होतं. आता ते शिवलंय. नाकातल्या नळीने दूध पोटात जातं, तोंडाने थेंबही नाही आणि बोलायचीही बंदी. भरून येईल म्हणतात.

तू गुडघा शेकतेस ना?

हात कुणाचाही चुकतो, ते मी सोडलं. पण हिची माफी अजून कुणी मागितलेली नाही. काल हीच मला हळूच विचारत होती, "थोडा तरी माझ्या हातून सांडला असेल का हो?"

तिला तूच फोन करून दटाव. मला तोंड उघडायची परवानगी नाही.

तुझा थोरला