वंदनाच्या हातातली कुंची

२४ नोव्हेंबर, सोमवार
प्राजूला नववा लागला. बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आल्यापासून लेकीचा एकच धोशा, "आई, बाळंतविडा झाला का वं? किती वेळ लावून राहिली!" चार झबली, दोन टोपडी, दोन दुपटी, एक कुंची. जन्माआधी बाळासाठी नवं कापड आणायचं नाही, म्हणून माझ्या जुन्या सुती साड्या फाडल्या. शंभर वेळा धुतलेलं कापड बाळाला टोचत नाही. कुंची सप्टेंबरातच झाली. बाकीचं रखडलंय. दिवसभर सेंटरवर बायकांना शिवण शिकवून आलं की घरच्या मशीनकडे बघवत नाही, हे एक कारण. दुसरं आज लिहीत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
वंदना आली होती सेंटरवर. मागच्या बॅचची, सप्टेंबरात संपली ती. तीस जणींत हिचा हात सगळ्यात साफ. बाही अशी बसवते की मला खोट काढता येत नाही, आणि खोट काढण्यात मी कमी नाही.

कळमेश्वरच्या एमआयडीसीतली एक कपड्यांची कंपनी नव्या सरकारी योजनेत बायका घेतेय. बेरोजगार असल्या पाहिजेत एवढीच अट. वंदनाच्या भागातून, नंदनवनातून, कंपनीची बस. हिने फॉर्म भरला, तर कॉम्प्युटरने नाव बाहेर फेकलं.

"मॅडम, तिथली बाई म्हणे तुम्ही तं आधीच धंदेवाल्या आहा. फोटोबी दिसून राहिला म्हणे. आता सांगा, माह्या घरी तं मशीनच नाही!"

मी म्हटलं, "पाहते. काहीतरी घोटाळा झाला असेल."

नेमका तोच शब्द आला तोंडात. ती चहा प्यायली, सवयीने जमिनीवरच्या चिंध्या गोळा केल्या, गेली. काय झालंय ते मला चांगलं माहीत आहे. मीच केलंय.

२७ नोव्हें., गुरु.
निदान इथे तरी लिहावं.

सप्टेंबर अखेर. बॅच संपली. सदर भागातल्या मुख्य ऑफिसातून को. सरांचा फोन (कोऑर्डिनेटर, आमचे सगळ्यांचे साहेब). प्रत्येक बाईपुढे नोकरी तरी दाखवा, नाहीतर स्वयंरोजगार, फोटोसकट. नाही दाखवलं तर पुढची बॅच नाही. बॅच नाही म्हणजे माझं अकरा महिन्यांचं कंत्राटही नाही. नोकऱ्या कुठून आणू मी तीस? मग सर म्हणाले, "घरी काही शिवतात ना त्या? मग झालं की मॅडम. स्वयंरोजगारच आहे तो."

बायकांना म्हटलं, घरच्यांसाठी जे शिवलं असेल ते घेऊन या. काय हौसेनं आणलं! भाचीचा फ्रॉक. सासऱ्यांची बंडी, तिला आतून खिसा, कारण म्हातारा चष्मा हरवतो. नणंदेच्या मुलीचं दप्तर. दिवाळीत द्यायचं म्हणून लपवून ठेवलेलं ब्लाउज. सगळं आपल्या माणसांसाठी केलेलं. मी एकेकीचा फोटो काढला आणि रजिस्टरात नावापुढे लिहीत गेले – स्व. स्व. स्व. तीस वेळा.

वंदना रिकाम्या हाताने आलेली. घरी मशीन नाही, शिवणार कशावर? योजनेतलं मशीन "येऊन राहिलं" हे तिला सहा महिने सांगतोय आम्ही. माझ्या पिशवीत कुंची होती. जेवणाच्या सुट्टीत गोट लावत होते. तीच तिच्या हातात दिली.

"हे कायले, मॅडम?"

"सर्टिफिकेटसाठी. नीट धर. हास जरा."

तिने केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि हसली.

माझ्या नातवंडाची कुंची. सरकारच्या फायलीत तो वंदनाचा धंदा आहे.

२९ नोव्हें., शनिवार
सदरला गेले. सरांना म्हटलं, वंदनाची नोंद काढायची आहे. सर मोबाइलमधून मान वर न करता, "काहून? बाई धंदा करत नाही का?" त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. तरी मी म्हटलं, "करत होती, आता बंद झाला बहुतेक."

परत आल्यावर स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटली. बंद झाला म्हणे! सुरू कधी झाला होता?

सर म्हणाले, लेखी द्या, बघू. दुरुस्तीची शेवटची तारीख ११ डिसेंबर. त्यानंतर यादी कंपनीकडे जाते.

१ डिसेंबर, सोम.
प्राजूने माझा मोबाइल घेतला होता, तिच्या डॉक्टरचा रिपोर्ट शोधायला. फोटो चाळता चाळता थांबली.

"आई, ही तं माझ्या बाळाची कुंची आहे. ह्या बाईच्या हातात काय करून राहिली?"

"सेंटरच्या पाटीसाठी काढला."

"मॉडेल आहे का ही?" हसली. "छान दिसते पण."

मीही हसले. पोटच्या पोरीशी खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. कुंची कपाटातून काढून पाहिली, परत ठेवली. झबल्याच्या गळ्याची एक तिरकी पट्टी कापायची होती, कात्री उचलवेना.

३ डिसें., बुधवार
सकाळी ह्यांनी पेपर मोठ्याने वाचला. योजनांमुळे राज्यात इतक्या महिलांना रोजगार मिळाला. एवढा मोठा आकडा की हे दोनदा अडखळले. "वा! तुझाही हात आहे वं यात," म्हणाले. कौतुकानेच म्हणाले बिचारे.

आहे ना. त्या आकड्यात माझ्या तीस जणी आहेत. खरं बघायला गेलं तर त्या योजनेतून रोजगार एकटीलाच मिळाला, मला. तो टिकवायला तीस जणींचे कागद रंगवले. पोळी करपली. ह्यांनी तीही खाल्ली.

५ डिसें., शुक्र.
वंदनाकडे गेले, नंदनवनाच्या मागच्या वस्तीत. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. दोन खोल्या, मुलगी दहावीला, पुस्तकं पलंगावर पसरलेली. नवऱ्याची कमर गेल्यापासून त्याचं काम कधी आहे, कधी नाही. कंपनीची नोकरी लागली तर मुलीला पुढे कॉलेज, हे तिने चहा गाळता गाळता सांगितलं. पंधरा तारखेला बस सुरू होणार हेही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने ट्रंकेतून एक घडी काढली. दुपटं. तिच्या जुन्या पांढऱ्या साडीचं, चारी बाजूंनी निळा काठ. सगळं हातशिवण, बारीक धावदोरा.

"तुमच्या पोरीले दिवस आहेत ना. मशीन नाही, तं हातानंच केलं. पाहा बरं, टाका कुठी मोठा तं नाही पडला?"

मास्तरीण म्हणून टाके बघावे लागले. एकसारखे. दिसत नव्हतं नीट मला.

"मॅडम, तुम्ही काहून रडून राहिल्या?"

म्हटलं, पोरीची काळजी. दुपटं घेऊन घरी आले. काही सांगितलं नाही. इतकी भित्री मी कधीपासून झाले? की पहिल्यापासूनच होते!

७ डिसें., रविवार
दुपटं बघून प्राजू खूश. "कोणी दिलं?" म्हटलं, तुझ्या त्या मॉडेलने. आणि मग सांगूनच टाकलं सगळं, पाटीच्या थापेसकट. ती ऐकत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी एवढंच म्हणाली, "आई, तू मला लहानपणी उसवून परत शिवायला लावायची. एक टाका चुकला तरी."

मग संत्रं सोलून अर्धं माझ्यापुढे ठेवलं.

१० डिसें., बुध.
अर्ज घेऊन सदरला. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद, अर्धा रस्ता पायी. सगळीकडे पोलीस, मोर्चेकरी. एका मोर्चाच्या फलकावर "काम द्या" लिहिलेलं. खाली मान घालून त्यांच्या शेजारून गेले.

अर्जात मी खरं लिहिलं होतं. फोटोतली वस्तू माझी, शिवलेली मी, बाईचा धंदा नाही आणि नव्हता. सरांनी वाचला, दार लोटून घेतलं.

"मॅडम, हा कागद आत गेला तं तीसचे तीस फोटो उघडतील. मग तुम्हीबी घरी आणि मीबी. असं करा, टायपिंग मिस्टेक लिहा. एका नावाची होऊन जाईल. दुसऱ्या नावाची नाही होणार, आधीच सांगून ठेवतो."

मी खुर्चीत बसून दुसरा अर्ज लिहिला. संगणकात टंकताना चुकून नोंद झाली. सही केली. पहिला अर्ज सरांनी फाडला नाही. मलाच परत दिला.

१२ डिसें., शुक्र. सकाळ
वंदनाचं नाव यादीत आलं. फोनवर म्हणाली, "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू?"

उपकार. हा शब्द मला सहन होईना. तशीच रिक्षा करून तिच्याकडे गेले आणि दारात उभ्या उभ्या सांगितलं. फोटो सर्टिफिकेटसाठी नव्हता. टार्गेटसाठी होता. धंदेवाली मी लिहिलं तुला, माझ्या पोटासाठी.

मुलगी आत मोठ्याने वाचत होती, ती थांबली.

मग वंदना म्हणाली, "मले तवाच वाटलं होतं, मॅडम. कुंचीचा फोटो कोण सर्टिफिकेटले लावते? पण तुम्ही हास म्हटलं, म्हून हासली."

मला वाटलं होतं ती फसली. ती माझा मान ठेवत होती.

"या, बसा," म्हणाली. मी बसले नाही. चपला घालताना तिने विचारलं, "मंग बाकीच्यायचं काय?"

तीच तारीख, दुपार
बाकीच्यांपैकी चार जणी सेंटरवर हजर. वस्तीत बातमी पसरायला काय लागतं! बंडीवाली, दप्तरवाली, अजून दोघी. चौघींचेही फॉर्म परत आलेले. हातात आधार कार्डाच्या झेरॉक्स.

"वंदनाचं झालं तं आमचंबी करून द्या ना, मॅडम. कंपनीत दुसरी यादी निघून राहिली म्हणे."

मी म्हटलं, "सर सुट्टीवर आहेत. सोमवारी या."

सर सुट्टीवर नाहीत. दोन तासही झाले नव्हते वंदनाच्या दारातून येऊन, आणि मी पुन्हा खोटं बोलले. बंडीवाली जाताना म्हणाली, "तुम्ही आहा तं काही काळजी नाही."

१३ डिसें., शनि.
झबली संपवली. चारही. दिवसभर दुसरं काही केलं नाही, दुसरं काही करायला नको म्हणून. प्राजू बाजूला बसून नाड्या ओवत होती. मधेच म्हणाली, "तुझं काम गेलं तर गेलं. आपण काही उपाशी नाही मरणार." तिला म्हणायला सोपं आहे. मग वाटलं, खरंच, आपण नाही मरणार उपाशी. एवढ्यासाठी केलं मी ते?

पण ऑफिसात उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं, की ह्या सह्या माझ्या आणि हे सगळं खोटं... बावीस वर्षं बायका मॅडम म्हणतात मला. भीती कामाची कमी, त्या नजरांची जास्त. हे आज कळलं. कळून काही चांगलं वाटलं नाही.

१४ डिसें., रविवार
नवा अर्ज लिहिला. तीस नावं, क्रमाने. प्रत्येक नावापुढे काय शिवलं होतं आणि कोणासाठी. फ्रॉक, भाचीसाठी. बंडी, सासऱ्यांसाठी. ह्यातलं काहीही विकायला नव्हतं. वंदनापुढे लिहिलं, काही नाही, हातातली वस्तू माझी. दोन पानं झाली. खाली माझं नाव लिहिलं, सही राहिली आहे.

प्राजूला दुपारपासून कळा आल्यासारखं होतंय. डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे. ह्यांनी बॅग दारात आणून ठेवली. उद्या सुट्टी घ्यायला कारण आहे, खरं कारण. कोणी नाव ठेवणार नाही.

चौघी दहा वाजता येतील. सेंटरची किल्ली माझ्याकडेच असते.