बिनदाण्याचे पोहे

बाग सेवनिया, भोपाळ
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

परीक्षितराव,

नमस्कार. तुझे आईबाबा उज्जैनला सुखरूप पोचले असतील. आता तुला 'राव' म्हणायची सवय करायला हवी, म्हणून सुरुवात केली. काल रागाच्या भरात तुला सगळीकडून ब्लॉक केलं आणि आता अनब्लॉक करायला हात पुढे होत नाही, म्हणून कागद. समोर आलो तर कॉलर धरीन. त्यापेक्षा हे मिसरोदला तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवून निघून जाईन.

इकडे धंदा बरा आहे. शाहपुऱ्याच्या तळ्यावरच्या मॉर्निंग वॉकवाल्यांना वाफेवरचे पोहे चालताहेत. मिश्रा अंकल म्हणतात, "बेटा, तेल नहीं डाला, बहुत बढ़िया. अब जो कैलोरी बची है, उसकी जलेबी खिला दे." बाबा अजून बोलत नाहीत. थर्ड इयरला इंजिनिअरिंग सोडून पोरगा गाडी लावतो हे त्यांना पचत नाही. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलंय, तर अख्ख्या भोपाळात चालतात, फक्त शाहपुऱ्याचं तळं सोडून. कॉलेज सोडताना "तू कर, मी आहे ना" असं कोण म्हणालं होतं, ते लिहीत नाही. हाफ मॅरेथॉनला माझी वाट बघू नकोस. जोडीदार शोधण्यात तू हुशार आहेस.

आता कालचं.

तुला फक्त सोफ्यावरून दिसलं तेवढंच माहीत आहे. गुरुवारी शिल्पाकाकूंचा, म्हणजे संपदाच्या आईचा, फोन आला. "गौरांग, रविवारी पाहुणे येताहेत. यांच्या अँजिओप्लास्टीपासून घरात तेलकट बंद आहे, तर तुझेच पोहे आण. आणि थोडे बिनदाण्याचे वेगळे आण हं, एकाला चालत नाहीत." मी येडा. मला वाटलं, संपदानं शेवटी घरात आमचा विषय काढला. तीच म्हणायची ना, एकदा आईला तुझे पोहे खाऊ दे, मग बघ. वाटलं, पाहुण्यांच्या निमित्तानं आधी पोहे बघतील, मग मला.

शनिवारी पळताना तुलाच पहिल्यांदा सांगितलं. वर हसून म्हणालो, "तुझ्यासारखाच अजून एक नमुना निघाला, दाणे न चालणारा!" तू बुटाची नाडी बांधायला खाली बसलास. किती वेळ बांधत होतास रे ती नाडी! मग वर न बघता म्हणालास, "ऑल द बेस्ट, भाई."

भाई.

मी इस्त्रीचा शर्ट घातला. आई म्हणाली, "पोहे द्यायला चाललायस की मुलगी बघायला?" मी चक्क लाजलो.

मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो तर संपदा साडीत. मोरपंखी. मला बघून पांढरी पडली. "गौरांग, प्लीज, आज काही बोलू नकोस." मला वाटलं, घाबरलीय बिचारी. पडद्याआडून बाहेर बघितलं तर सोफ्यावर गुडघे जुळवून तू. शेजारी तुझे आईबाबा. समोर संपदाचे बाबा, विश्वनाथकाका, तुला पगार विचारत होते, आणि तू मंडीदीपच्या कंपनीबद्दल असं सांगत होतास जणू ती तूच काढलीय.

पातेली दोन होती. घाईत काकूंनी मोठ्या पातेल्यातल्या पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरली आणि तीच बशी नेऊन तुझ्या हातात दिली. दाण्यांची. तू मान खाली घालून लाजत होतास, बघितलंच नाहीस. चमचा भरलास.

कँटीनमध्ये चिक्कीच्या एका तुकड्यानं तुझा घसा कसा सुजला होता, ते त्या घरात दोघांनाच माहीत, तुला आणि मला (घरी तू कळूच दिलं नव्हतंस), असं मला तेव्हा वाटत होतं. बाइकवर मागे बसवून, माझ्या कमरेला ओढणीनं बांधून तुला हॉस्पिटलात नेलं होतं मी. आणि काल मी पडद्यामागे गप्प उभा राहिलो. क्षणभर. तेवढंच, पण राहिलो.

मग धावलो. बशी हिसकावली. अर्धे पोहे काकांच्या गालिच्यावर. "हे नको, याचे वेगळे आहेत!"

तुझी आई म्हणाली, "तुम्ही ओळखता का एकमेकांना?"

आणि तू म्हणालास, "हो, म्हणजे... तळ्यावर यांच्याकडे कधीकधी नाश्ता करतो."

यांच्याकडे! चार वर्षांत पहिल्यांदा मला मान दिलास, तोही अशा वेळी.

तरी मी तुझ्यावरच चिडलो असतो, एकट्यावर. पण आत आलो तर काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बरं झालं धावलास. संपदा आठवडाभर कानीकपाळी ओरडतेय, दाणे नकोत, दाणे नकोत, आणि मी मेली घाईत विसरले." संपदा गॅसकडे तोंड करून उभी होती. चहा उतू गेला तरी वळली नाही.

पहिल्यांदा 'बघायला' आलेल्या मुलाला काय चालत नाही, हे मुलीला आठवडाभर आधी कसं रे ठाऊक? तुमचा कार्यक्रम ठरलेलाच होता. काल त्या घरात खरं काही बघितलं असेल तर मी एकट्यानं.

कधीपासून, ते विचारत नाही. तिला मी काही लिहिणार नाही. घरी दाखवायला नोकरीवाला मुलगा हवा होता, समजू शकतो. नाही, नाही समजू शकत.

गाडी लावली त्या दिवसापासून तुझं छोटं पातेलं वेगळं असायचं. गिऱ्हाइकं विचारायची, "ये किसका है?" मी सांगायचो, भाई का. आज सकाळी ते आईला देऊन टाकलं. उद्यापासून गाडीवर एकच पातेलं, एकच चमचा, आणि सगळ्यात दाणे. फिरकू नकोस. धमकी समज, नाहीतर काय समजायचं ते समज, पण फिरकू नकोस.

आणि एक. शिल्पाकाकूंच्या घरी कोशिंबिरीत, भाजीत, सगळीकडे दाण्याचं कूट असतं. दिसत नाही. जावई म्हणून लाजत बसू नकोस, विचारून खात जा. दरवेळी पडद्यामागे मी नसेन.

ज्यांच्याकडे तू कधीकधी नाश्ता करायचास, ते
गौरांग