दोन खोकल्यांनंतरची गाणी

खडेबाजार, बेळगाव
१२ फेब्रुवारी १९८७

प्रिय देवाप्पा,

मारुतीमास्तराचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम, एक अंगठ्याचं नख सोडून.

त्या नखाबद्दल माझी तुझ्याविरुद्ध रीतसर तक्रार आहे. कॅसेट परत पाठवायची तर खुशाल पाठवावी. पण तंबाखूच्या गठ्ठ्यांचे बोद बांधायची सुतळी तिला सात गाठींनी आवळायची? गाठी सोडवताना नख गेलं. आणि आत कॅसेट जशीच्या तशी. लेका, तू ती ऐकलीच नाहीस.

ऐकण्यासारखी नाही, हे संस्कृतचा शिक्षक म्हणून मान्य करतो. तुझा शामू अनुस्वार गिळतो, विसर्ग थुंकतो. गिटार बेसूर, ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा. वखारीचा मुकादम तू. तुझीच किल्ली चोरून तिघा पोरांनी तिथं एका माइकवर दोन दुपारींत उरकलेला कारभार. आई जाऊन वर्ष झालं नाही आणि तिच्याच कामाच्या जागी हा धिंगाणा, म्हणून तू त्याला घराबाहेर काढलंस. तुझंही बरोबर असेल.

पण तुला पाठवली ती नक्कल. मूळ कॅसेट मी महिनाभर रोज ऐकतोय. चौथ्या गाण्यात तो शब्द सोडून नुसता ओरडतो, तिथं माझा चहा गार होतो. तीस वर्षं शुद्ध उच्चार शिकवले. इतकं खरं माझ्यासमोर कुणी बोललं नव्हतं.

एक खोड मात्र आहे. प्रत्येक गाण्याआधी कुणीतरी दोनदा खोकतं. बाईचा खोकला. मग गाणं.

आठवतं ना? तंबाखू निवडायला बायका ओळीनं बसायच्या. शामूची आई, आमच्या सोनुवहिनी, नाकावरचा पदर काढून दोनदा खोकायच्या आणि मगच सगळी ओळ गाणं उचलायची. त्याआधी कुणाची तोंड उघडायची हिंमत नव्हती, मुकादमाचीसुद्धा.

दुसऱ्या टेपवर लावून पाहिली. तेच. शेवटी शामूला विचारलं,

"कोण रे खोकलं?"

"आमी न्हाय, काका. आमी थांबलो हुतो."

"कशाला?"

"खोकल्याबिगर तितं गाणं सुरूच हुईना."

पोरगं हसलं. मला हसू आलं नाही.

आता विचारशील, शामू मला भेटला कुठं. दसऱ्यापासून माझ्या माडीवर राहतोय. त्यानं शपथ घातली म्हणून लिहिलं नव्हतं. आमची लेक मालू दोन वेळा ताट वर नेते, अर्धं परत आणते.

काल दुपारी वीज नव्हती. दोन्ही कॅसेटी कपाटात. वरून दोनदा खोकला आला. तोच. मी खाली बसून गाण्याची वाट पाहू लागलो, हे आता लिहितानाही अंगावर काटा येतो. गाणं आलं नाही. तिसरा खोकला आला, चौथा आला, मग मोजायचं सोडून मी जिना चढलो. शामू तोंडावर टॉवेल धरून बसला होता, वहिनी पदर धरायच्या तसा. मला पाहून त्यानं टॉवेल पाठीमागं लपवला. पण लाल डाग मला दिसला.

वहिनींचा खोकला आपण दोघांनी वर्षभर 'तंबाखूची धूळ' म्हणून टाळला. डॉक्टरकडे चल म्हटलं तर शामू म्हणतो, "आप्पा आलं तर जातो." कॅसेट नको ऐकूस, पण सकाळची पहिली बस धर. देवाप्पा, मला भीती वाटते, हाही तसाच जाईल.

जिन्याखाली कान देऊन बसलेला,
मारुती