कार्डावरची तिसरी चौकट

पेण, २१ जून २०२५

ती. अमीना खालाजान यांस,
उमामाचा सलाम. वि. वि.

फोनवर तुमच्या कानाला नुसता गोंगाट ऐकू येतो, असं तुमच्या रोह्याचे मुसाभाई सांगून गेले, म्हणून कागद घेतला. निकाहाला अडीच महिने झाले. त्यातले वीस दिवस वासिफ इथे होते आणि मग कतारला गेले. आता घरात मी, सिदरा आणि ओट्यावर येऊन बसणारं शेजारचं मांजर. दीड वर्ष तुम्ही या घरात राहून सिदराला सांभाळलंत. कोणता डबा कुठे ठेवायचा तेसुद्धा भिंती तुम्हालाच विचारतील, मला नाही.

सोमवारी सिदराची पहिली सुरू झाली. शाळेनं पालकांसाठी सूचनांची वही दिलीय, त्यात चोवीस कलमं आहेत. सोमवारी नखं, बुधवारी मोड आलेलं कडधान्य, रोज डायरीवर सही, रुमाल पिनेनं छातीला, आणि डब्यात रोज एक फळ. मी फळाच्या जागी जांभळं भरली. आज शनिवार, पांढरा गणवेश. पोर घरी आली ती गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जांभळी. तिच्या वर्गाच्या पूजाबाईंनी डायरीत लिहिलंय की फळ शक्यतो रंगहीन असावं. मी सही केली, दुसरं काय करणार.

पण लिहायचं ते वेगळंच. फाटकावरचं कार्ड तुम्हाला ठाऊक आहे. सुटताना मालूमावशी कार्ड पुढे धरतात, कोण आलंय ते विचारतात, आणि मूल ज्याच्या फोटोवर बोट ठेवील त्याच्याच हाती ते द्यायचं. कार्डाला चौकटी तीन. एकीत वासिफ, दुसरीत सिदराची अम्मी, आपल्या सबीहाआपा, तिसरीत नानी म्हणून तुम्ही. मला चौकट नाही. सध्या मोठ्या बाईंच्या चिठ्ठीवर मी तिला आणते, ती चिठ्ठी एकतीस जुलैपर्यंत. मोठ्या बाई चांगल्या आहेत, हळूच म्हणाल्या की जी व्यक्ती हयात नाही तिचा फोटो नियमाप्रमाणे काढावा लागतो, तिथे मी माझा लावावा. मी कार्ड घरी आणलं, समोर ठेवून बसले आणि परत दप्तरात ठेवलं. तुम्हाला विचारल्याशिवाय माझा हात त्या फोटोला लागणार नाही.

तिच्या सवयी लिहून कळवाल का? माझं काय चुकतंय ते तिच्या तोंडावरून कळत नाही.

माया लावाल तितकी थोडी वाटेल.
आपली,
उमामा


रोहा, २७ जून

उमामा हिस,
सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर बरं हाय तुझं. मी मराठी सातवी झालेय, त्यामुळे शुद्धलेखन काढायची मला खोड हाय, पण ते राहू दे.

सवयी लिहिते. दूध गार लागतं, साय दिसली तर पिणार नाय. वेणी डावीकडची आधी घालायची, उजवी आधी घातलीस तर दिवसभर डोकं खाजवील. भाकरीचा पापुद्रा काढून खाते, खालचा भाग तुला खावा लागेल. झोपताना पायावर पांघरूण नको. रात्री पाणी मागितलं तर ते तहान म्हणून मागत नाय, कोण जागं हाय का ते बघते.

फोटोला हात लावू नकोस. तो कसा काढला ते तुला कोणी सांगितलं नसेल. शिशुवर्गाच्या कार्डासाठी मीच सबीहाला स्टेशनाजवळच्या स्टुडिओत घेऊन गेले होते. दुखणं सुरू झालं होतं, पण तिनं मला सांगितलं नव्हतं. फोटोवाला तिला हनुवटी खाली कर म्हणत होता, आणि त्याच्याच स्टुलाचा पाय मोडून तो खाली बसला. ती हसली आणि त्याच्या पोरानं तेवढ्यात खटका दाबला. माझ्याकडे तिचे फोटो पुष्कळ हायत, पण एकात नवरी म्हणून मान खाली, आणि बाकीच्यांत आजारी. हसणारा एवढा एकच, आणि तो शाळेच्या कार्डावर. तो खरवडून काढायचा आणि तिथे दुसरं तोंड लावायचं, हे मला सोसणार नाय. खरं तेच लिहिते.

दुपारची नमाज झाली की माझा डोळा लागतो. हल्ली एकच दिसतं. सबीहा सहा वर्षांची, दोन रिबिनी, शाळेच्या पायरीवर बसलीय. बाकीची पोरं गेलीत. नदीवरून ऊन सरकत तिच्या पायापाशी येतं आणि मी वाटेतच असते, चालते चालते पण शाळा जवळ येत नाय. मग जाग येते आणि हातात तसबीहची माळ असते.

म्हणून मी ठरवलंय. चिठ्ठीची मुदत संपली की सिदराला मी रोह्याला आणते. इथे शाळा घराच्या मागेच हाय, परसातून हाक मारली की पोर येईल. कार्ड नको न् चौकट नको. वासिफला मी कळवीन. तू तरणी हायस, तुला तुझं घर मांडायचंय. यात राग नाय.

खुदा हाफिज.
अमीना


पेण, ५ जुलै

ती. खालाजान यांस,
सलाम. वि. वि.

वेणी डावीकडून घातली. तीन आठवडे पोर डोकं खाजवत होती आणि मी उवा शोधत होते. पापुद्रा ती खाते, खालचं मी खाते. रात्री पाणी मागितलं की मी आता पाणी देऊन निघून येत नाही, जरा बसते.

तुम्ही लिहिलंत ते चार वेळा वाचलं. तुमचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे, मी वासिफना मध्ये घालणार नाही. पण राग नाही असं तुम्ही लिहिलंत, तर मीही खरं लिहिते. तिला नेलंत तर मी फार रडेन. का ते मला सांगता येत नाही. ती मला अजून कशाचीच हाक मारत नाही. काही हवं असलं की येऊन माझी ओढणी दोनदा ओढते. तरी सकाळी सातला तिचे मोजे सरळ करताना मला वाटतं की आज काहीतरी नीट झालं.

शाळा सुटते तेव्हा मी बदामाच्या झाडाखाली उभी असते. कार्डवाले पिवळ्या रेघेपाशी, चिठ्ठीवाले झाडाखाली, त्यांचा नंबर शेवटी. तेविसावं कलम. त्यामुळे सिदरा रोज सगळ्यांत शेवटी बाहेर येते. तुमचं स्वप्न वाचलं. तेच मी रोज समोर बघते. पायरी, ऊन आणि ती एकटी. फरक एवढाच की मी झाडाखाली असते आणि तिला दिसते.

डबा झाला की पहिलीची सगळी मुलं दहा मिनिटं बाकावर डोकं टेकून डोळे मिटतात, मग काय दिसलं ते बाईंना सांगायचं. पूजाबाईंनी सांगितलं, बाकीच्यांना हत्ती, आइस्क्रीम दिसतं. सिदराला मिठागर दिसतं. पांढरे पांढरे ढीग, त्यांच्यातून पाणी चाललंय, आणि पलीकडे कुणीतरी उभं आहे. कोण ते विचारलं तर म्हणते, अजून लांब आहे.

तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन. फक्त तिला आधी एकदा विचारा.

लोभ कमी करू नये ही विनंती.
आपली,
उमामा


पेण, १५ जुलै

ती. खालाजान यांस,
सलाम. वि. वि.

उत्तर आलं नाही. तब्येत बरी आहे ना? मुसाभाईंना विचारलं तर ते नुसते हसले.

काल एक नवलच झालं. सिदरा फाटकातून आली ती मुठीत नानखटाई घट्ट धरून. डब्यात मी दिली नव्हती, आणि बाहेरचं खाणं शाळेत चालत नाही, अकरावं कलम. कुणी दिली ते सांगेना. मालूमावशींना विचारलं तर त्यांनी पदर सावरला आणि कार्डांचा गठ्ठा मोजायला घेतला. पोरीनं नानखटाई मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, आणि रिक्षापर्यंत माझं बोट धरून आली. बोट धरण्याची ही पहिलीच वेळ. नानखटाईला वेलदोड्याचा वास होता. माझी अर्धी मी रिक्षातच खाल्ली.

महिना संपायला सोळा दिवस राहिले. तिचे कपडे धुवून वेगळे ठेवू का, ते कळवा. मन तयार करायला मला तेवढे दिवस लागतील.

तुमची,
उमामा


रोहा, १८ जुलै

चि. सौ. उमामाबेटी हिस,
अनेक दुवा. वि. वि.

कपडे धुवू नकोस.

नानखटाई माझी. सोमवारी मी पेणला आले होते. तुला कळवलं नाय, ही चोरीच म्हण. तू म्हणालीस की तिला विचारा, म्हणून मी विचारायलाच निघाले, पण खरं तर तिला तिथूनच घेऊन एसटीत बसायचं असं माझ्या मनात होतं. कार्डावर माझा फोटो हाय, मला कोण अडवणार. पिवळ्या रेघेपाशी गर्दीत उभी राहिले, तोंडावर ओढणी घेऊन. तू झाडाखाली होतीस. पिशवीत तिची पाण्याची दुसरी बाटली धरून उभी होतीस, आणि पाय दुखत होते तुझे, कारण सारखी चप्पल काढून पाऊल चप्पलेवर ठेवत होतीस. ते मी बघितलं.

मालूनं कार्ड धरलं, कोण आलंय ते विचारलं. सिदरानं मला बघितलं, खुदकन हसली आणि माझ्या फोटोवर बोट ठेवलं. माझं काळीज भरलं. मी हात पुढे केला. पण पोर रेघ ओलांडेना. गुमान तिथेच उभी. मी विचारलं, नानीबरोबर यायचं नाय का गो. तेव्हा ती मला सांगते की आत्ता नको, झाडाखाली ती उभी हाय, मी गेले तर ती तिथेच उभी राहील, सगळे गेले तरी.

उमामा, मी दीड वर्ष तिला हात धरून त्या फाटकातून आणली. तिनं कधी मागे वळून कोणाची वाट बघितली नव्हती. मला वाटत होतं की तिच्यात कोणाची वाट बघणं शिल्लकच राहिलं नाय. मी नानखटाई तिच्या मुठीत दिली, मालूला गप बस म्हटलं, आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून राहिले. शेवटी ती आली, तुझ्याकडे. ऊन तिच्या पायाशी पोचायच्या आत तू पोचलीस. मी परतीच्या एसटीत नागोठण्यापर्यंत रडले. तुझ्यावर नाय, माझ्यावर.

रोह्याला आणायचं मी मनातून काढलं.

आता कार्ड. माझी चौकट माझ्याकडेच राहू दे, मला अधूनमधून यायचंय, यापुढे कळवून येईन. वासिफचीही राहू दे. तुझा फोटो सबीहाच्या चौकटीत लाव. पण तिचा काढायचा नाय, खरवडायचा नाय. त्याच्यावरच तुझा चिकटव. नियमाला वरचं तोंड दिसलं की पुरे, आणि खाली काय हाय ते तुला मला माहीत. फक्त चार कोपऱ्यांना खळ लाव, मधे लावू नकोस. तिचं हसू खराब होईल.

फोटो काढायला जाशील तेव्हा मान ताठ ठेव, आणि जमलं तर तूही हस.

तुझ्या पायांना तिळाचं तेल लाव. माझी माया आता दोन घरांत वाटून नाय, एकाच घरात हाय असं समज.
तुझी,
खालाजान


पेण, ३१ जुलै

ती. खालाजान यांस,
सलाम. वि. वि.

फोटोत मी हसले नाही, मला धीर झाला नाही. पण रडलेही नाही.

फोटो काल आम्ही दोघींनी लावला. सिदरा जवळ बसली होती, तिच्यासमोरच लावायचा असं मी ठरवलं होतं. चार कोपऱ्यांना चार थेंब, तेही तिनंच लावले. मग माझा फोटो वर ठेवून तिनं दोन्ही तळहातांनी दाबून धरला आणि पन्नासपर्यंत आकडे म्हटले. एकोणचाळीस विसरली, परत पहिल्यापासून म्हटले.

आज मी पहिल्यांदा पिवळ्या रेघेपाशी उभी राहिले. बावीस मुलं राहिलेली असतानाच सिदरा बाहेर आली. मालूमावशींनी कार्ड पुढे धरलं आणि रोजच्यासारखं विचारलं, कोण आलंय. तिनं माझ्या फोटोवर बोट ठेवलं, जरा दाबून धरलं, आणि म्हणाली, दोघी आल्यात.

मालूमावशींनी तिला माझ्या हाती दिलं.

आपली,
उमामा